सहामाही चेक-इन: टीममधल्या प्रत्येकाशी नीट कसं बोलावं

वर्षअखेरच्या अप्रेझलमध्ये होऊन गेलेल्या कामाचा हिशोब होतो. सहामाही चेक-इनच्या वेळी मात्र निम्मं वर्ष अजून हातात असतं. हे विसरलं की चेक-इनचं छोटं अप्रेझल होतं: मॅनेजर फॉर्म वाचून दाखवतो, समोरचा मान डोलावतो, वीस मिनिटांत दोघंही सुटतात आणि वर्षअखेरीला तेच प्रश्न पुन्हा समोर येतात. बोलणं कामी आलं का, हे ओळखायची साधी खूण आहे. त्यानंतर टार्गेटच्या यादीत काहीतरी खोडलेलं, बदललेलं किंवा नव्याने लिहिलेलं असायला हवं. निदान 'आहे तसंच चालू ठेवायचं' हे तरी दोघांनी विचार करून ठरवलेलं असावं.

वेळ आणि निरोप

वर्ष जानेवारीत सुरू होत असेल तर जूनचा शेवट ते जुलैचा मध्य, एप्रिलमध्ये सुरू होत असेल तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य. तिमाही क्लोजिंगचा आठवडा टाळा. प्रत्येकासाठी कॅलेंडरमध्ये एक तास अडवा: ४५ मिनिटं बोलायला, १५ मिनिटं लगेच नोंदी लिहायला. दिवसाला तीनपेक्षा जास्त ठेवू नका. चौथ्या माणसाच्या वेळी तुम्ही ऐकत नसता, फक्त 'हो, बरोबर' म्हणत असता.

इन्व्हाइट किमान आठवडाभर आधी पाठवा आणि त्यात विषय लिहा. नुसतं 'थोडं बोलायचंय' असं आलं की माणूस आठवडाभर नोकरीची काळजी करत बसतो. दोन ओळी पुरतात: 'सहा महिन्यांचं काम आणि पुढच्या सहा महिन्यांची टार्गेट्स यावर बोलू. रेटिंग किंवा पगाराचा विषय यात नाही.'

ती दुसरी ओळ महत्त्वाची आहे. १९६० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिक कंपनीत अप्रेझलच्या बैठकांचा अभ्यास झाला. टीका वाढली की लोक बचावात जातात आणि सुधारणा कमी होते, असं त्यात दिसलं. पगाराचं बोलणं आणि सुधारणेचं बोलणं वेगळं ठेवा, अशी त्यातून पुढे आलेली शिफारस आजही लागू पडते. इन्क्रिमेंटचा आकडा डोक्यात घोळत असेल तर आपली अडचण कोणी मोकळेपणाने सांगत नाही.

तयारी

टीममधल्या माणसाला चार प्रश्न आधी पाठवा आणि उत्तरं एका पानात मागा: कुठलं काम चांगलं झालं, कुठलं अडकलं आणि कशामुळे, कुठलं टार्गेट आता निरर्थक वाटतं, माझ्याकडून काय हवंय. तिसरा प्रश्न बहुतेक फॉर्ममध्ये नसतो, आणि खरी माहिती तिथेच मिळते.

तुमची तयारी माणशी अर्ध्या ते पाऊण तासाची. वर्षाच्या सुरुवातीला ठरलेली टार्गेट्स काढा आणि कोऱ्या कागदावर सहा महिन्यांसाठी सहा ओळी आखा. मेल, कॅलेंडर, प्रोजेक्टचा ट्रॅकर चाळून प्रत्येक महिन्यासमोर त्या माणसाचं निदान एक ठोस काम लिहा. आठवणीवर विसंबलात तर शेवटच्या तीन आठवड्यांतली चूक किंवा शाबासकी सगळं मत व्यापून टाकते. पहिल्या दोन महिन्यांसमोर काहीच सुचत नसेल, तर त्याने काम केलं नाही असं लगेच समजू नका. बहुधा तुम्ही नोंद ठेवलेली नसते.

त्याच्यासोबत काम करणाऱ्या दोघांना विचारून घ्या. मात्र जिचं उदाहरण देता येत नाही अशी ऐकीव तक्रार बैठकीत आणू नका. 'लोक म्हणतात की...' असं वाक्य निघालं की पुढची वीस मिनिटं कोण म्हणालं हे शोधण्यात जातात.

बैठकीत

पहिली दहा-बारा मिनिटं त्यांना बोलू द्या. 'सगळं छान चाललंय' एवढंच उत्तर आलं, तर प्रश्न बारीक करा: 'गेल्या महिन्यात कुठल्या कामात विनाकारण वेळ गेला?' मग गप्प बसा. आठ-दहा सेकंदांची शांतता अवघड वाटते, पण ती तुम्हीच बोलून भरून काढलीत तर उत्तर हातचं जातं.

त्यानंतरची वीस मिनिटं टार्गेट्सना. प्रत्येकापुढे चारपैकी एक शेरा लिहा: चालू, बदल, पुढे ढकललं, रद्द. 'बदल' लिहिलं तर नवा आकडा किंवा नवी तारीख तिथल्या तिथे ठरवा. नवं काम जोडत असाल तर कुठलं काम कमी करायचं तेही त्याच वेळी सांगा. मध्येच आलेलं प्रोजेक्ट जुन्या यादीवर नुसतं रचलं जातं आणि वर्षअखेरीला माणूस दोन्हीकडे कमी पडलेला दिसतो. या बैठकीतली सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

फीडबॅकचे मुद्दे दोनच ठेवा: एक टिकवायचा, एक सुधारायचा. पाच दिलेत तर एकही लक्षात राहत नाही. क्लूगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरच्या प्रयोगांचे सहाशेहून अधिक निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरी परिणाम चांगला होता, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी फीडबॅकनंतर काम उलट घसरलं होतं. त्यांनी मांडलेलं कारण असं की बोलणं कामावरून माणसाच्या स्वतःबद्दलच्या भावनेवर सरकलं की फायदा ओसरतो.

म्हणून 'तू डेडलाइन गांभीर्याने घेत नाहीस' हे वाक्य टाकून द्या. त्याऐवजी:

'गेल्या तीन महिन्यांत दोनदा सोमवारचा रिपोर्ट बुधवारी आला. अकाउंट्स त्यावरून पेमेंट सोडतात, ती दोन दिवस अडकली. नेमकं कुठे अडतं?'

'सेल्सचे आकडे मला शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर मिळतात. त्यात चुका असल्या की सोमवारी परत त्यांच्या मागे लागावं लागतं.'

आता दुखणं वेगळंच निघालं. आकडे गुरुवारी दुपारपर्यंत यायला हवेत आणि सेल्सच्या मॅनेजरशी बोलायचं काम तुमचं आहे. रिपोर्ट देणाऱ्या त्या सहकारीचं काम एवढंच: आकडे आले नाहीत तर त्याच संध्याकाळी तुम्हाला कळवायचं.

टीका दोन कौतुकांच्या मध्ये लपवू नका. काहींना फक्त कौतुक ऐकू येतं, आणि ज्यांना ही पद्धत माहीत आहे ते कौतुक सुरू झालं की सावरून बसतात.

शेवटच्या पाच मिनिटांत काय ठरलं ते मोठ्याने म्हणा, किंवा त्यांनाच म्हणायला सांगा. दोघांच्या ऐकण्यातला फरक तिथेच उघडा पडतो.

जिथे घोळ होतो

सर्वांत कमी वेळ सर्वांत चांगल्या माणसाला मिळतो. 'तुझं काय, मस्तच चाललंय' म्हणून पंधरा मिनिटांत उठू नका. काम तेच तेच वाटतंय का, पुढे काय शिकायचंय, हे त्यालाच आधी विचारायला हवं. मात्र प्रमोशनचा शब्द देऊ नका. जे तुमच्या एकट्याच्या हातात नाही ते तसं सांगा.

कोणाचं काम गंभीरपणे खालावलं असेल तर ते त्याला पहिल्यांदा इथे कळता कामा नये. ते बोलणं आधीच, स्वतंत्र व्हायला हवं. कोणी रडलं किंवा चिडलं तर मुद्दा रेटू नका: पाणी द्या, पाच मिनिटं थांबा, गरज पडली तर उरलेलं दोन दिवसांनी ठेवा. ऑनलाइन बोलणं असेल तर दोघांनीही बंद खोलीत बसावं. आजूबाजूला माणसं असली की उत्तरं आखडतात.

नंतर

नोंद त्याच दिवशी पाठवा, सहा ते आठ ओळींची. तुम्ही कबूल केलेल्या गोष्टी सगळ्यात वर लिहा:

'माझ्याकडे: सेल्सशी बोलून गुरुवारची वेळ ठरवणं, १५ तारखेपर्यंत. तुझ्याकडे: आकडे आले नाहीत तर त्याच संध्याकाळी मेसेज. ग्राहक सर्वेक्षणाचं टार्गेट रद्द. ट्रेनिंग मॉड्यूल तीनऐवजी दोन. पुन्हा भेट ३० दिवसांनी, १५ मिनिटं. काही चुकीचं लिहिलं असेल तर दुरुस्त कर.'

सगळ्यांशी बोलून झाल्यावर नोंदी शेजारी-शेजारी ठेवून वाचा. तीन जणांनी एकच अडचण सांगितली असेल तर दोष बहुधा कामाच्या पद्धतीत असतो, आणि तो तिघांच्या टार्गेट्समध्ये वाटून मिटत नाही. तो स्वतःकडे घ्या आणि टीमच्या पुढच्या मिटिंगमध्ये कोणाचं नाव न घेता मांडा. ३० दिवसांच्या भेटीत सुरुवात 'माझ्याकडे' या ओळींपासून करा. एखादं काम राहिलं असेल तर नवी तारीख तिथेच लिहा.