एचआरकडे तक्रार करायची, तर ती अशी करा

एचआर म्हणजे कर्मचाऱ्यांचा वकील, हा समज आधी डोक्यातून काढून टाका. त्यांना पगार कंपनी देते आणि कंपनीला कायद्याच्या कचाट्यात सापडू न देणं हे त्यांचं मोठं काम. तुमचा फायदाही तिथेच आहे. कायदा मोडल्याची लेखी नोंद झालेली तक्रार दाबून ठेवणं कंपनीला महागात पडू शकतं.

सुरुवात कागदांपासून करा. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा आणि कंपनीची नियमावली नीट वाचा. तक्रार कोणाकडे करायची, उत्तर किती दिवसांत द्यायचं, हे बऱ्याचदा नियमावलीतच असतं. फक्त ती रुजू होताना सही करण्यापुरतीच उघडलेली असते.

मग टिपण ठेवा. प्रसंग घडला त्याच दिवशी तारीख, वेळ, ठिकाण, हजर असलेली माणसं आणि बोलले गेलेले शब्द जसेच्या तसे लिहा. मात्र पुरावा म्हणून ऑफिसच्या गोपनीय फाइली स्वतःच्या मेलवर पाठवू नका. मूळ तक्रार राहते बाजूला आणि चौकशी तुमचीच सुरू होते.

खरी मेहनत अर्जावर घ्या. ‘मॅनेजर माझ्याशी नीट वागत नाहीत’ या वाक्याचं एचआर काहीच करू शकत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘४ तारखेच्या मीटिंगमध्ये मॅनेजर सर्वांसमोर म्हणाले, बाळंतपणाच्या रजेवर जाणाऱ्यांनी बढती विसरावी. ११ तारखेला बढतीच्या यादीतून माझं नाव वगळलं. हा भेदभाव आहे असं माझं म्हणणं असून त्याची चौकशी व्हावी.’ भेदभाव, छळ, थकीत वेतन, जे असेल त्याचा नाव घेऊन उल्लेख करा. विशेषणं गाळा, राग तर गाळाच. शेवटी तुम्हाला नेमकं काय हवंय तेही सांगा. बऱ्याचदा अर्जात तेवढंच राहून जातं.

अर्ज मेलने पाठवा. बोलायला बोलावलं तर जरूर जा, पण परतल्यावर ‘आज आपलं असं असं बोलणं झालं’ अशी दोन ओळींची मेल टाका. तोंडी आश्वासनाला पुढे कोणी विचारत नाही.

तक्रार केली म्हणून नोकरी जाईल, ही भीती खोटी नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९८२चा १५८ क्रमांकाचा करार सांगतो की कायदा मोडल्याबद्दल मालकाविरुद्ध तक्रार करणं, गरोदरपण किंवा युनियनचं सदस्यत्व ही कामावरून काढण्याची वैध कारणं नाहीत. वर्तन किंवा कामगिरीवरून काढायचं तर आधी बाजू मांडायची संधी द्यावी, असंही त्यात आहे. पण तो मान्य केलेल्या देशांनाच लागू होतो, त्यामुळे आपल्या देशाचा कायदा काय म्हणतो ते तपासाच. तक्रारीनंतर अचानक बदली झाली, कामाचा शेरा खराब आला, तर त्याचीही तारखेनिशी नोंद करा.

‘आत्ताच राजीनामा द्या, सगळं सुरळीत होईल’ असं कोणी म्हणालं तर त्या खोलीत सही करू नका. कागद घरी नेऊन वाचायला वेळ मागा. तो देत नसतील, तर सही न करण्याचं तेच पुरेसं कारण.

एचआरच्या उत्तराची वाट बघत बसू नका. कामगार कार्यालयात किंवा न्यायालयात दाद मागायला मुदत असते आणि कंपनीतली चौकशी चालू आहे म्हणून ती थांबेलच असं नाही. वकील, युनियन किंवा कामगार कार्यालय, जिथे जाल तिथे पहिला प्रश्न मुदतीचाच विचारा.