ऑफिसमधल्या सगळ्या पीसींचा बॅकअप आपोआप कसा लावायचा

दहा-पंधरा पीसी, एक विंडोज सर्व्हर, सगळे डोमेनला (सर्व्हरवरून एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या नेटवर्कला) जोडलेले, अशी छोटी ऑफिसं आपल्याकडे भरपूर आहेत. डेटा सर्व्हरवरच ठेवा म्हणून कितीही सांगा, माणसं फाईल डेस्कटॉपवरच सेव्ह करतात, हे धरूनच चालायचं. म्हणून प्रत्येक पीसीचा बॅकअप हवा, आणि तो कुणाच्या आठवणीवर सोडायचा नाही.

सगळ्यात आधी वेळ ठरवा आणि ती ऑफिसमध्ये उभं राहून ठरवा. मी एका ठिकाणी रात्री दोनची वेळ लावली होती, तीन आठवड्यांनी जाऊन बघतो तर एकाही पीसीची कॉपी नाही! सर्व्हर यूपीएसवर वेगळा होता, पण बाकीच्या टेबलांचा मेन स्विच मामा संध्याकाळी कुलूप लावताना रोज न चुकता खाली पाडायचे, आणि त्यांचं बरोबरच होतं, शॉर्टसर्किटच्या भीतीने मालकांनीच तसं सांगितलेलं. मग दुपारी दीडची वेळ धरली. सगळे डबे घेऊन आतल्या खोलीत, पीसी चालू, नेटवर्क मोकळं. तेव्हापासून एक दिवस चुकलेला नाही. फक्त जेवायला जाताना आउटलुक बंद करायला सांगा, नाहीतर मेल साठवणारी पीएसटी फाईल लॉक राहते आणि नेमकी मेल सुटते.

आता सर्व्हरवर बॅकअपसाठी वेगळा फोल्डर शेअर करा आणि त्यावर स्टाफला परमिशन देऊ नका, कुणाच्या लॉगिनमधून रॅन्समवेअर (फाईली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरला तर तो त्या शेअरपर्यंत पोचायला नको. ठरल्या वेळी आपोआप कॉपी करणारा टास्क सिस्टिम अकाउंटने, म्हणजे पीसीच्या स्वतःच्या खात्याने चालणार आहे, म्हणून परमिशन माणसांना नाही, डोमेन कॉम्प्युटर्स या, म्हणजे डोमेनमधल्या पीसींच्या ग्रुपला द्यायची. पासवर्ड कुठेच लिहावा लागत नाही.

कॉपीसाठी रोबोकॉपी हे कमांड लिहून चालवायचं टूल विंडोजमध्येच असतं, वेगळं काही विकत घ्यायला नको. पण त्याच्या काही खोडी आहेत. फाईल उघडी सापडली तर ते मूळ सेटिंगने 30-30 सेकंद थांबून 10 लाख वेळा प्रयत्न करत बसतं, त्यामुळे आर स्विच (स्विच म्हणजे कमांडपुढे लिहायचा पर्याय; हा किती वेळा प्रयत्न ते सांगतो) 2 आणि डब्ल्यू स्विच (किती सेकंद थांबायचं) 5 करून टाका. सी ड्राइव्हचा युजर्स फोल्डर घेताना एक्सजे स्विच लावा, नाहीतर आतल्या जंक्शनमध्ये (दुसऱ्या फोल्डरकडे नेणाऱ्या दुव्यांमध्ये) गोल गोल फिरतं, आणि ॲपडेटा (प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फाईलींचा फोल्डर) वगळा. कॉपी कुठे करायची तो पत्ता सर्व्हरच्या नावाने पूर्ण द्या, झेड ड्राइव्ह वगैरे सिस्टिम अकाउंटला दिसत नाही. आणि कृपा करून एमआयआर स्विच लावू नका, कुणी सकाळी चुकून फोल्डर उडवला तर दीड वाजता तो बॅकअपमधूनही उडेल. आतल्या फोल्डरसकट नुसती कॉपी करणारा साधा ई स्विच बरा.

हा टास्क एकेका पीसीवर जाऊन लावायचा नाही. सर्व्हरवर ग्रुप पॉलिसी (सगळ्या पीसींना एकदम सेटिंग देणारी सोय), कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, प्रेफरन्सेस, कंट्रोल पॅनल सेटिंग्ज, त्यात शेड्युल्ड टास्क्स, तिथे एकदाच बनवायचा. वेळेला अर्ध्या तासाचा रँडम डिले द्या म्हणजे सगळे एकदम सर्व्हरवर तुटून पडणार नाहीत, 100 एमबीपीएसचा जुना नेटवर्क स्विच असेल तर 100 जीबीला अडीच तास सहज लागतात (पहिली मोठी कॉपी रविवारीच उरका). वेळ चुकली तर लवकरात लवकर चालव, हा टिक लावा. लॅपटॉप असतील तर फक्त चार्जरवर चाल, हा टिक काढा.

टास्कच्या रिझल्टमध्ये 1 दिसला तर घाबरू नका, रोबोकॉपीत 1 म्हणजे फाईल कॉपी झाल्या. 8 किंवा पुढचा आकडा आला की लॉग उघडायचा.

कुणी चांगल्या फाईलवर चुकीची सेव्ह केली तर कालचीच परत हवी असते, त्यासाठी सर्व्हरच्या त्या ड्राइव्हवर शॅडो कॉपी (त्या वेळच्या फाईली जशाच्या तशा धरून ठेवणारी विंडोजची सोय) चालू करा, रोज चार वाजता एक. जास्तीत जास्त 64 राहतात, जागा पुरली तर दोन महिने मागे जाता येतं. शिवाय दोन एक्स्टर्नल डिस्क घ्या, दर शनिवारी एकीवर कॉपी काढायची आणि ती मालकांच्या घरी, लावून ठेवायची नाही. 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा रॅन्समवेअर आला तेव्हा जोडलेल्या डिस्कसुद्धा लॉक होत होत्या.

महिन्यातून एकदा कुठल्याही एका टेबलापाशी जा, मागच्या महिन्यातली कुठली फाईल काढून देऊ विचारा, आणि ती बॅकअपमधून त्यांच्यासमोरच उघडा. उघडली नाही तर त्याच दिवशी दुरुस्त करा, सोमवारवर ढकलू नका.