बीपीची गोळी चालू असताना परदेशी एअरलाइनमध्ये नोकरी कशी बदलावी

मला सदतिसाव्या वर्षी टेल्मिसार्टन ४० सुरू झाली. गोळी हातात घेतली तेव्हा तब्येतीचा विचार नंतर आला, आधी आला तो आखातातल्या नोकरीचा. ती गेली, असंच वाटलं. ती गेली नाही. पण हातची घालवता येईल अशा जागा वाटेत तीन-चार आल्या, आणि त्या कुठे असतात हे सांगणारं कुणी भेटलं नाही. म्हणून हे लिहितोय. भारतातून संयुक्त अरब अमिरातीत जायला निघालेल्या, आणि बीपी, थायरॉइड किंवा जुना मूतखडा असं काही औषधाने ताब्यात असलेल्या वैमानिकांसाठी.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा. डीजीसीएचं, म्हणजे भारताच्या विमान वाहतूक नियामकाचं, क्लास १ मेडिकल (व्यावसायिक वैमानिकाला लागणारं आरोग्य प्रमाणपत्र) तुमच्याबरोबर सीमेपलीकडे येत नाही. १९४४ च्या शिकागो करारानुसार, विमान ज्या देशात नोंदलेलं असेल त्या देशाने दिलेला किंवा मान्य केलेला परवाना वैमानिकाकडे लागतो. शेपटीवर व्हीटी (भारताची नोंदणी) असलेलं विमान सोडून ए६ (अमिरातीची नोंदणी) असलेल्या विमानात बसायचं, तर जीसीएएचं, म्हणजे अमिरातीच्या विमान वाहतूक प्राधिकरणाचं, मेडिकल नव्याने करावं लागतं. इथले डॉक्टर तुम्हाला दहा वर्षं बघत आलेत, "हे यांचं नेहमीचंच" म्हणून पुढे सरकतात. तिथल्या डॉक्टरसमोर तुम्ही पहिल्यांदाच बसलेले असता आणि त्याला तुमच्याबद्दल फक्त तुम्ही नेलेले कागद सांगतात.

कागद

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, अर्ज भरण्याच्याही आधी.

ई-जीसीए या डीजीसीएच्या पोर्टलवरची मेडिकल असेसमेंटची पानं उतरवून घ्या. मग जुने ईसीजी शोधा. ईसीजीचा कागद थर्मल असतो, दोन-चार वर्षांत रेघ पुसट होते. माझा पहिल्या मेडिकलचा ईसीजी फाइलमधून काढला तर त्यावर फिकट गुलाबी चौकटीच तेवढ्या उरल्या होत्या. त्यामुळे आज हातात असलेला प्रत्येक ईसीजी आजच स्कॅन करा. याचं कारण साधं आहे. अनेकांच्या ईसीजीत जन्मापासून एखादं निरुपद्रवी वैशिष्ट्य असतं. नवा डॉक्टर ते पहिल्यांदा बघतो आणि पुढच्या तपासण्या लिहून देतो. आठ वर्षांपूर्वीचा तसाच ईसीजी समोर ठेवला, तर बरेचदा प्रश्न तिथेच मिटतो.

त्यानंतर तुमच्या फिजिशियनकडून पत्र घ्या. "रुग्ण स्थिर आहे, उड्डाणास हरकत नाही" असल्या दोन ओळींचा उपयोग होत नाही. उड्डाणास हरकत आहे की नाही हे ठरवणं त्यांचं कामच नाही. पत्रात निदान कधी झालं, औषधाचं रासायनिक नाव आणि मात्रा (आपल्याकडचा ब्रँड तिकडे कुणाला ओळखू येत नाही), ही मात्रा किती महिने बदललेली नाही, गेल्या काही भेटींतलं बीपी, चक्कर-थकवा असे दुष्परिणाम आहेत का, क्रिएटिनिन, पोटॅशियम, साखर आणि कोलेस्टेरॉल एवढं आलं पाहिजे. सोबत चोवीस तासांच्या बीपीचा रिपोर्ट जोडा. पत्र इंग्रजीत, तारखेसह, सही-शिक्क्याचं.

चोवीस तासांच्या यंत्राबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण यात माणसं नाहक अडकतात. दंडाला पट्टा आणि कमरेला डबी लावून घरी पाठवतात. दिवसा साधारण दर वीस-तीस मिनिटांनी पट्टा फुगतो. तो फुगायला लागला की हात सैल सोडून स्थिर धरायचा, बोलायचं नाही. मी पहिल्या वेळी ते लावून गाडी चालवली, पिशव्या उचलल्या, निम्मी मापं वाया गेली आणि उरलेली फुगलेली आली. दुसऱ्यांदा सुट्टीच्या दिवशी केलं, रात्रीच्या उड्डाणानंतर दोन दिवस झोप पूर्ण करून. रिपोर्ट स्वच्छ आला. यात फसवणूक नाही, पट्टा फुगताना हात स्थिर ठेवणं ही मोजायची पद्धतच आहे.

नियम

एअरलाइनच्या एचआरला "बीपी चालतं का?" विचारू नका, त्यांना ते ठरवता येत नाही. नियम तिथल्या प्राधिकरणाचा असतो. एअरलाइनचा स्वतःचा निकष त्याहून कडक असू शकतो, आणि तो त्यांच्या मेडिकल विभागालाच विचारायचा.

अंदाज घ्यायला युरोपचे नियम वाचा, ते उघड छापलेले आहेत. औषध चालू असो वा नसो, बीपी सातत्याने १६०/९५ च्या वर असेल तर तिथे क्लास १ ला अपात्र. टेल्मिसार्टनच्या गटातली औषधं आणि एसीई इन्हिबिटर (बीपीच्या गोळ्यांचा आणखी एक गट) चालतात, लूप डाययुरेटिक (लघवी वाढवणाऱ्या जोरदार गोळ्या) चालत नाहीत. औषध नवं सुरू केलं की दुष्परिणाम नाहीत हे दिसेपर्यंत तात्पुरतं थांबवतात. आजार तोच, पण निकाल देशागणिक बदलतो. इन्शुलिनवरचा मधुमेह युरोपीय महासंघात साधारणपणे अपात्र ठरतो, ब्रिटनमध्ये ठरावीक नियमावलीखाली उडता येतं, अमेरिकेने २०१९ मध्ये व्यावसायिक वैमानिकांसाठी तसा रस्ता उघडला. म्हणून एका देशाच्या नकारावरून दुसऱ्याचा निकाल गृहीत धरू नका.

मेडिकलवर 'ओएमएल' अशी अट येऊ शकते. म्हणजे फक्त दोन वैमानिकांच्या विमानात उडायचं. ऐकायला सोपं, कारण एअरलाइनचं विमान तसंच असतं. पण युरोपच्या नियमात शेजारचा वैमानिक साठीच्या आतला आणि स्वतः ओएमएल नसलेला लागतो. रोस्टर लावणाऱ्यांना ते जड जातं. अशी अट येण्याची शक्यता असेल तर ती तुमच्या एअरलाइनला चालते का, हे सही करण्याआधी लेखी घ्या.

फॉर्म

फॉर्ममध्ये "कधीही" हा शब्द असतो. तुम्हाला कधीही अमुक झालं होतं का, कधीही मेडिकल नाकारलं गेलं किंवा तात्पुरतं अनफिट ठरवलं गेलं का? माझ्या मते सगळ्या प्रक्रियेतला धोक्याचा क्षण हाच. हात "नाही"वर खूण करायला आपोआप जातो, कारण आता सगळं ठीक आहे ना! पण प्रश्न आताचा नाही. खरं असेल तिथे "हो" लिहा, पुढे एका ओळीत वर्ष, औषध, सद्यस्थिती, आणि "पत्र सोबत" असं लिहा. औषधावरचं बीपी जगभर ओळखीचं आहे, त्याला ठरलेली वाट आहे. लपवलेल्या बीपीला वाट नाही, आणि नंतर उघड झालं की प्रश्न हृदयाचा न राहता शब्दाचा होतो. अमेरिकेत २०२३ मध्ये सुमारे ४,८०० वैमानिकांची अशीच चौकशी झाल्याचं बाहेर आलं. माजी सैनिक म्हणून अपंगत्वाचे लाभ घेताना दाखवलेला आजार त्यांनी मेडिकलच्या फॉर्मवर सांगितला नसल्याचा संशय होता. एका खात्याचे कागद दुसऱ्याशी ताडून पाहिले गेले, बस.

मेडिकलचा दिवस

आधीचे तीन महिने औषधाची मात्रा बदलू नका. बदलणं भाग असेल तर तारीख पुढे ढकला. सर्दीवरच्या नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या आणि डायक्लोफेनॅक-आयबुप्रोफेनसारखी दुखण्यावरची औषधं बीपी वाढवतात, त्या आठवड्यात ती टाळा आणि गरज पडली तर डॉक्टरला विचारून घ्या. माप घेण्याआधी अर्धा तास कॉफी नको, लघवी करून या, पाठ टेकून आणि दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसा. हात हृदयाच्या पातळीवर हवा. पहिलं माप जास्त आलं तर थोड्या वेळाने पुन्हा घ्यायला सांगा, हे मागण्यात संकोच कसला?

राजीनामा

क्रम चुकला तर सगळ्यात महाग पडतं ते इथेच. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानुसार कमांडरला एक वर्ष आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. ऑफर लेटरवर "मेडिकलच्या अधीन" असं वाक्य असतंच. त्या भरवशावर नोटीस दिली आणि तिकडे मेडिकल अडकलं, तर दोन्हीकडून हात रिकामे.

म्हणून स्वतःच्या रजेत, गरज पडल्यास स्वतःच्या खर्चाने तिकडचं मेडिकल आधी करता येतं का विचारा. रुजू झाल्यावरच करतो असं ते म्हणाले, तर वरचे सगळे कागद त्यांच्या मेडिकल विभागाला पाठवून लेखी मत मागा. ते हातात आल्यावरच नोटीस. आणि तिकडच्या तपासणीत काही नवं निघालं तर इथल्या तुमच्या मेडिकल एक्झामिनरला सांगेपर्यंत उडू नका. आपली तब्येत कमी झाल्याचं ठाऊक असताना परवाना वापरायचा नाही, हा आयसीएओचाच, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचाच, नियम आहे.

विमा आणि सामान

परवाना गेल्यास पैसे देणारा विमा बहुतेकदा एअरलाइनच्या गटातून असतो आणि नोकरीबरोबर संपतो. नव्या पॉलिसीत आधीपासूनचे आजार वगळलेले असू शकतात. म्हणजे ज्या बीपीमुळे विम्याची गरज, त्यालाच संरक्षण नाही. हे कलम मागवून स्वतः वाचा. अमिरातीत प्रोबेशन कायद्याने जास्तीत जास्त सहा महिन्यांचं असतं. त्या काळात मेडिकल थांबलं तर पगार आणि घराचं काय, हेही विचारून ठेवा.

रेसिडेन्स व्हिसाची तपासणी वेगळी असते, रक्त आणि छातीचा एक्स-रे. लहानपणी टीबी होऊन फुफ्फुसावर डाग राहिला असेल तर उपचार पूर्ण झाल्याचे कागद आणि जुना एक्स-रे सोबत ठेवा.

बॅग भरताना गोळ्या मूळ पाकिटात आणि प्रिस्क्रिप्शनसह ठेवा. घरून दिलेली खोकल्याची बाटली मात्र उलटी करून लेबल वाचा. त्यात कोडीन असेल तर अमिरातीत ते नियंत्रित औषध आहे, आगाऊ परवानगीशिवाय नेता येत नाही. ट्रॅमाडॉलचंही तेच. टेल्मिसार्टन तिकडे मिळते, पण दुकानदाराला ब्रँड न सांगता रासायनिक नाव दाखवा, आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांची सोय इथूनच करून न्या, म्हणजे ग्राउंड स्कूल (वर्गातलं प्रशिक्षण) आणि सिम्युलेटर चालू असताना गोळी बदलायची वेळ येणार नाही.