गिटमधल्या कमिट्स नव्याने लिहाव्यात कशा आणि काही हरवलं नाही हे तपासावं कसं

गिट म्हणजे कोडचा इतिहास सांभाळणारं साधन, कमिट म्हणजे त्यात नोंदवलेला एक बदल, आणि रीबेस म्हणजे त्या कमिट्स नव्याने रचणं. या रीबेसबद्दल दोन सल्ले कायम कानावर येतात. एक, ‘रीबेसच्या वाटेला जाऊ नकोस, कोड उडतो.’ दुसरा, ‘काही होत नाही रे, फोर्स पुश मार’ (म्हणजे सर्व्हरवरची प्रत दडपून आपली चढव). पहिला घाबरटाचा, दुसरा ज्याला निस्तरावं लागत नाही त्याचा. दोघांकडे दुर्लक्ष करा.

गिट जुनी कमिट कधी बदलतच नाही. कमिटचा हॅश (तिची ओळख सांगणारा आकडा) तयार होतो त्यात फायलींची अवस्था, आधीच्या कमिटचा हॅश, लेखक, तारखा आणि संदेश हे सगळं धरलेलं असतं. यातलं काहीही हललं की हॅश वेगळा, आणि मग तिच्यानंतरची प्रत्येक कमिटही वेगळी. जुन्या तशाच पडून असतात. कोणत्याही ब्रँचवरून (म्हणजे कमिट्सच्या नाव दिलेल्या माळेवरून) पोचता न येणाऱ्या कमिटची नोंद रीफ्लॉगमध्ये (गिटच्या हालचालींच्या नोंदवहीत) मुळात ३० दिवस राहते, बाकीच्या नोंदी ९० दिवस. म्हणजे काम उडत नाही. ते हरवलंय हे आपल्या वेळेत लक्षात येत नाही, खरी गोम ती आहे. म्हणून या लेखात रीबेस करण्यापेक्षा तो तपासण्याबद्दल जास्त आहे.

(आज्ञा बोलतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत.)

रीबेसच्या आधी (खाली सांगितलेल्या दुरुस्त्या कमिट करून झाल्यावर) खूण ठेवा: ‘गिट ब्रँच जुनी’. संपलं. ‘ओरिग-हेड आहे की’ (आधीच्या जागेची गिट स्वतः ठेवतं ती खूण) असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. मध्येच एखादा रीसेट (ब्रँच दुसऱ्या कमिटवर हलवणं) केलात की तो दुसरीकडेच बोट दाखवतो.

दुरुस्त्या करायच्या असतील तर ज्या कमिटची चूक आहे तिचा हॅश देऊन ‘गिट कमिट --फिक्सअप’ करत जा. मग ‘गिट रीबेस -आय --ऑटोस्क्वॉश --कीप-बेस मेन’ (मेन म्हणजे सगळ्यांची मुख्य ब्रँच). यादी उघडते, दुरुस्त्या आपापल्या जागी लागलेल्या असतात, सेव्ह करून बाहेर पडा.

इथे ‘कीप-बेस’ मुद्दाम घातलंय. बहुतेक जण कमिट्स आवरणं आणि ब्रँच ताज्या मेनवर नेणं एकाच फेरीत उरकतात, आणि मग काही बिघडलं तर कशामुळे ते कळत नाही. दोन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत पाया तोच राहतो, फक्त कमिट्सचा क्रम आणि जोडणी बदलते. म्हणजे शेवटच्या कोडमध्ये एका अक्षराचाही फरक पडायला नको. ‘गिट डिफ जुनी हेड’ चालवा (डिफ फरक दाखवतं, हेड म्हणजे आपण आत्ता उभे आहोत ती कमिट). पडद्यावर काहीच आलं नाही तर पहिली फेरी पास. इतकी स्वस्त परीक्षा दुसरी नाही, आणि ती देणारे फार थोडे. आता ‘गिट ब्रँच आवरलेली’ अशी दुसरी खूण ठेवा आणि दुसऱ्या फेरीला लागा: ‘गिट रीबेस मेन’.

आणि इथे कॉन्फ्लिक्ट येतो: त्याच ओळी मेनवरही बदललेल्या आणि तुमच्याकडेही, कोणत्या ठेवायच्या ते गिट तुम्हाला विचारतं.

माझी दोन दिवसांची मेहनत इथेच गेली होती. कमिटमध्ये दोनच फायली: एक कोडची, एक तिच्या टेस्टची. दोन्हींत कॉन्फ्लिक्ट. माझं लिखाण ठेवायचं म्हणून मी ‘गिट चेकआउट --अवर्स’ दिलं, फायली अ‍ॅड केल्या, ‘--कंटिन्यू’ म्हटलं. रीबेस गुण्यागोविंदाने संपला. टेस्ट्स चालवल्या, सगळ्या हिरव्या. चार दिवसांनी टेस्टरने विचारलं, ‘ते नवीन बटण कुठाय?’ कोडही नव्हता, टेस्टही नव्हती; कमिटच नव्हती. टेस्ट्स हिरव्या होत्या कारण लाल होऊ शकणारी टेस्ट कोडबरोबर गेली होती.

झालं काय, ते नीट समजून घ्या, कारण हे पाठांतराने जमत नाही. मर्ज (दोन ब्रँच एकत्र) करताना तुम्ही आपल्या ब्रँचवर उभे असता आणि दुसऱ्याचं काम आत घेता, म्हणून ‘अवर्स’ म्हणजे तुमचं. रीबेसमध्ये गिट आधी मेनवर जाऊन उभं राहतं आणि तिथून तुमच्या कमिट्स एकेक उचलून आणतं. त्या घडीला ‘अवर्स’ म्हणजे मेन आणि त्यावर आतापर्यंत रचलेलं. तुमची कमिट पाहुणी, म्हणून ती ‘देअर्स’. मी ‘अवर्स’ म्हणून मेनचंच घेतलं, कमिटमध्ये बदल असा काही उरला नाही, आणि रिकाम्या कमिटला गिटने चकार शब्द न काढता गाळलं.

म्हणून माझा आता नियम आहे की रीबेसमध्ये अवर्स आणि देअर्स या दोन्ही शब्दांना हात लावायचा नाही. एडिटरमधल्या ‘माझं घ्या’, ‘त्यांचं घ्या’ छापाच्या बटणांनाही नाही. त्याऐवजी सेटिंगमध्ये ‘मर्ज.कॉन्फ्लिक्टस्टाइल’ला ‘झेडडिफ३’ द्या (गिट २.३५ पासून आहे, त्याहून जुनं असेल तर ‘डिफ३’). मग कॉन्फ्लिक्टमध्ये दोनाऐवजी तीन तुकडे दिसतात. वरचा मेनकडचा, खालचा तुमच्या कमिटमधला आणि मधला तुमच्या कमिटच्या लगेच आधीचा. मधल्या आणि खालच्या तुकड्यात जो फरक आहे, तेवढंच तुमच्या कमिटचं म्हणणं. तो फरक वरच्या तुकड्यावर चढवा. कधी एक शब्द असतो, कधी दोन ओळी. ‘खालचा तुकडा पूर्ण ठेवला’ म्हणजे मधल्या काळात मेनवर झालेली कुणाची तरी दुरुस्ती तुम्ही पुसलीत, हेही विसरू नका.

मूळ कमिट काय होती ते आठवत नसेल तर ‘गिट शो रीबेस_हेड’. तिसऱ्या-चौथ्या कॉन्फ्लिक्टला डोकं गरगरायला लागलं तर ‘--अबॉर्ट’ करा, चहा घ्या, पुन्हा सुरुवात करा. मध्येच ठिगळं लावत पुढे रेटू नका. ‘रीरीरी’ (कॉन्फ्लिक्ट सोडवल्याची आठवण ठेवणारी गिटची सोय) चालू असेल तर आणखी एक सावधगिरी: ते तुमची उत्तरं लक्षात ठेवतं, चुकीची सुद्धा, आणि पुढच्या वेळी तीच चूक इमानदारीने पुन्हा लावतं. तो कॉन्फ्लिक्ट समोर असताना ‘गिट रीरीरी फर्गेट’ आणि फाईलचं नाव.

रीबेस संपला की ‘गिट रेंज-डिफ मेन आवरलेली हेड’. ही आज्ञा २०१८ मध्ये गिट २.१९ बरोबर आली. जुनी माळ आणि नवी माळ समोरासमोर ठेवून ती प्रत्येक जोडीपुढे खूण करते. बरोबरचं चिन्ह म्हणजे जशीच्या तशी. उद्गारचिन्ह म्हणजे बदलली, तेवढ्याच वाचा. आणि ‘<’ म्हणजे जुन्यात होती, नव्यात नाही. तीच कमिट मेनवर आधीच गेलेली नसेल तर या फेरीत एकही ‘<’ दिसता कामा नये. माझं ते बटण इथे दहा सेकंदांत सापडलं असतं.

आता टेस्ट्स. फक्त शेवटच्या कमिटवर चालवून भागत नाही. मधली एक मोडकी राहिली की सहा महिन्यांनी बायसेक्ट करणारा (बिघाड कोणत्या कमिटपासून ते शोधणारा) तुमच्या नावाने खडे फोडेल. ‘गिट रीबेस --एक्झेक "मेक टेस्ट" मेन’ प्रत्येक कमिटनंतर टेस्ट चालवतं आणि जिथे फसेल तिथे थांबतं. थांबलं की दुरुस्त करा, ‘कमिट --अमेंड’, मग ‘--कंटिन्यू’. लक्षात घ्या, इथे अमेंड बरोबर आहे कारण कमिट झालेली आहे. कॉन्फ्लिक्टमध्ये ती अजून व्हायची असते, तिथे फक्त अ‍ॅड आणि कंटिन्यू. हल्लीचं गिट तिथे अमेंड करूच देत नाही, तेही बरंच झालं.

पण हे तुमच्या रोजच्या फोल्डरमध्ये चालवू नका. तिथे गिटला माहीत नसलेल्या फायली पडलेल्या असतात: जुना बिल्ड, अ‍ॅड करायची राहून गेलेली एखादी फाईल. टेस्ट त्यांच्या जिवावर पास होते आणि दुसऱ्याच्या मशीनवर आपटते. ‘गिट वर्कट्री अ‍ॅड --डिटॅच ../तपास’ करून कोऱ्या फोल्डरमध्ये जा आणि तिथे चालवा. पॅकेजेस पुन्हा उतरवायला वेळ जाईल, जाऊ द्या. तिथे अमेंड करावं लागलं तर तो नवा हॅश तुमच्या ब्रँचवर आपोआप येत नाही. मूळ फोल्डरमध्ये येऊन त्या हॅशवर ‘रीसेट --हार्ड’ करा. वर्कट्रीऐवजी ‘गिट क्लीन -एक्सडीएफ’ सुचवणारे भेटतात. त्या आज्ञेत तुमची पासवर्ड ठेवलेली, इग्नोर केलेली फाईलही जाते, आणि ती रीफ्लॉगमध्ये नसते.

पुश करताना ‘--फोर्स-विथ-लीज’ (सर्व्हरवरची ब्रँच तुम्ही शेवटी पाहिली तशीच असेल तरच ते दडपतं), आणि गिट २.३० किंवा पुढचं असेल तर जोडीला ‘--फोर्स-इफ-इन्क्लूड्स’. एडिटर पाठीमागे गुपचूप फेच करत असेल (सर्व्हरवरची ताजी अवस्था आणत असेल) तर नुसत्या लीजला काही अर्थ राहत नाही. ब्रँचवर दुसरं कुणी काम करत असेल तर आधी त्याला फोन करा.

‘जुनी’ आणि ‘आवरलेली’ या ब्रँच मी काम मेनवर जाऊन आठवडा झाल्याशिवाय उडवत नाही.