हाडांसाठी कॅल्शियम घेताय? मग या चुका टाळा

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे सकाळच्या सगळ्या गोळ्या एकाच घोटात. माझी मावशी दोन वर्षं हेच करत होती. उठलं की तळहातावर थायरॉईडची इवलीशी गोळी, लोहाची लाल गोळी आणि खडूच्या तुकड्याएवढी कॅल्शियमची; वर पाणी, झालं! तिचा टीएसएच (रक्ततपासणीतला आकडा, थायरॉईडचं औषध कमी पडलं की वाढतो) वाढतच गेला, थायरॉईडच्या गोळीचा डोस दोनदा वाढवला, हिमोग्लोबिनही जागचं हलेना. कॅल्शियम या दोन्ही औषधांना आतड्यात नीट शोषूच देत नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांना विचारून मी वेळा बदलून दिल्या. थायरॉईडची उठल्यावर उपाशीपोटी, लोहाची दुपारी, कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर. पुढच्या तपासणीत टीएसएच खाली आला. थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम यांत किमान ४ तास जाऊ द्याच.

कॅल्शियमची गोळी कॅल्शियम कार्बोनेट या प्रकारची असेल तर जेवणासोबतच घ्या, ती विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. पाकिटावरचा आकडाही नीट वाचा. १२५० मिलिग्रॅम कार्बोनेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच असतं. शरीर एका वेळी साधारण तेवढंच नीट शोषतं, म्हणून दोन गोळ्या एकदम घेऊन वेळ वाचवू नका.

आता उतावळ्यांबद्दल. आठवड्यातून एकदा घ्यायची ड जीवनसत्त्वाची मोठी मात्रा 'लवकर गुण यावा' म्हणून रोज घेणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि दर वेळी जीव घाबरा होतो. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, लघवीवाटे सहज निघून जात नाही. रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मग सारखी तहान, मळमळ, बद्धकोष्ठता, आणि शेवटी मूत्रपिंडावर घाला. चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' लिहिलं असेल तर वार ठरवा आणि कॅलेंडरवर खूण करा. मी स्वतः रविवार धरते.

कॅल्शियमसाठी पालकाच्या भाजीच्या भरवशावर राहू नका. त्यातलं ऑक्सलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, जेमतेम ५ टक्के अंगी लागतं. दुधातलं सुमारे ३० टक्के लागतं.

मीठ जास्त, तर लघवीतून कॅल्शियमही जास्त जातं.

वजन उतरवायला जेवण तोडणाऱ्या विशीतल्या मुलींना तर मी हात जोडून सांगते, हाडांची भरती साधारण तिशीपर्यंतच होते. त्या वयात प्रथिनं आणि दूध-दही कमी करू नका. पाळी चुकायला लागली तर डाएट तिथेच थांबवा आणि डॉक्टरांकडे जा.