आर्थिक कोच निवडताना आधी त्याची कमाई विचारा

भुसावळला रेल्वेतून कोणी निवृत्त झालं, की पेढे संपायच्या आत दोन-तीन ‘कोच’, म्हणजे पैशाचा सल्ला देणारे, दारात हजर. रावेर-यावलला केळीचे पैसे खात्यात पडले की तेच. त्यावर लोकांचा ठरलेला सल्ला: ‘ओळखीतला बघा.’ अजिबात बघू नका. आपल्याकडे प्रत्येक जण कोणाचा तरी शालक नाहीतर व्याही निघतो, आणि नेमका विचारायचा प्रश्न भिडेपोटी घशातच राहतो.

पगार किंवा पेन्शन, कर्ज, विमा, ठेवी एका कागदावर लिहून काढा. हे झालं घरचं काम.

मग नोंदणी बघा. कोच म्हणून पाटी लावायला कुणाची परवानगी लागत नाही. पण फी घेऊन शेअर, म्युच्युअल फंडांचा सल्ला द्यायचा तर २०१३ च्या नियमांप्रमाणे सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी लागते. तिचा क्रमांक ‘आयएनए’ने सुरू होतो. सेबीच्या वेबसाइटवर तो स्वतः शोधा; भिंतीवरच्या फ्रेमवर जाऊ नका.

खरी गोम पुढे आहे. ‘भाऊ, तुम्हाला पैसे कोण देतं?’ असं सरळ विचारा. ‘तुमच्याकडून एक रुपयाही नको’ असं उत्तर आलं, की लोक खूश होतात. मी तिथेच सावध होतो. तुम्ही देत नाही म्हणजे फंड कंपनी किंवा विमा कंपनी देते. ज्याच्याकडे ‘एआरएन’, म्हणजे फंड विकणाऱ्याचा नोंदणी क्रमांक, असतो तो वितरक, कमिशनवर चालतो. तो वाईट माणूस असतो असं नाही, पण त्याच्याकडून निःपक्ष सल्ल्याची अपेक्षा धरू नका.

शब्दावर विसंबायचीही गरज नाही. फंडाचं जुनं स्टेटमेंट काढा. योजनेच्या नावात ‘रेग्युलर’ आणि सल्लागाराच्या जागी एआरएन दिसला, तर कमिशन दरवर्षी तुमच्याच पैशातून जातंय. फंड कंपनीकडून थेट घेतलेल्या ‘डायरेक्ट’मध्ये ते नसतं. खर्चातला फरक एक टक्का धरला, तरी २० लाखांवर वर्षाला २० हजार झाले. फुकट कसलं?

‘मी दोन्ही करतो, फीही घेतो आणि फंडही काढून देतो’ म्हणणारा भेटला तर चहा पिऊन उठा. वैयक्तिक नोंदणी असलेल्या सल्लागाराला वितरण करताच येत नाही. फी किती, कशाबद्दल, हे लेखी करारात हवं. तो करार नियमानेच करावा लागतो. फी रोख मागितली तरी उठाच.

पहिल्या भेटीत त्याला बोलू द्या. पीककर्ज फिटलं का, आरोग्य विमा आहे का, मुलीचं लग्न कधी, हे न विचारता ज्याने माहितीपत्रक पुढे सरकवलं, तो विकायला आलाय. ‘महिन्याला तीन टक्के पक्के’ म्हणणाऱ्याशी तर वादही घालू नका.

गुंतवणुकीचा चेक फक्त फंडाच्या योजनेच्या नावाने. कोऱ्या फॉर्मवर सही नाही, ओटीपी नाही, मग तो शालक असो की व्याही. तक्रारीची वेळ आलीच, तर सेबीचं ‘स्कोअर्स’ पोर्टल आहे. करार आणि फीची पावती जपून ठेवलेली असेल तर तिथे बोलायला जागा राहते.