शांतिसेनेच्या मिशनमध्ये 'पुढचं पाठ मागचं सपाट' का होतं? या चुका टाळा

यूएनच्या शांतिसेनेत कोणीच कायमचं नसतं. मिलिटरी ऑब्झर्व्हर आणि स्टाफ ऑफिसर साधारण वर्षभरासाठी येतात, बटालियन पण बहुतेक वर्षभरात बदलते, सिव्हिलियन स्टाफ त्यातल्या त्यात टिकतो पण तोही या मिशनमधून त्या मिशनला फिरतच असतो, आणि मिशन मात्र दहा-दहा वीस-वीस वर्षं चालू राहतं. काँगोमध्ये १९९९ पासून यूएनचं मिशन आहे, तेव्हा त्याच रस्त्यांवर त्याच गावांमध्ये आजवर किती तुकड्या येऊन गेल्या असतील याचा विचार करा, आणि प्रत्येक तुकडी पहिले दोन-तीन महिने तेच शिकते जे आधीच्यांनी जाताना सोबत घरी नेलं.

बरं, कागद कमी आहेत असं नाही. हँडओव्हर नोट आहे (जाणाऱ्याने येणाऱ्यासाठी लिहिलेली), एंड ऑफ असाइनमेंट रिपोर्ट आहे, आफ्टर ॲक्शन रिव्ह्यू आहे, न्यूयॉर्कला पॉलिसी आणि ट्रेनिंगचं वेगळं डिव्हिजन आहे, मोठ्या मिशनमध्ये बेस्ट प्रॅक्टिसेस ऑफिसर नावाचा, धडे गोळा करणारा माणूस बसवलेला असतो. हे सगळं आलं मात्र उशिरा. १९९२ मध्ये आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे सतीश नंबियार युगोस्लाव्हियाच्या मिशनचे पहिले फोर्स कमांडर म्हणून गेले तेव्हा न्यूयॉर्कमध्ये धडे गोळा करणारं युनिटच नव्हतं, ते १९९५ ला सुरू झालं, म्हणजे रवांडातला १९९४ चा नरसंहार होऊन गेल्यावर. वरातीमागून घोडं. आणि २००० च्या ब्राहिमी रिपोर्टने, म्हणजे शांतिसेनेच्या कामाचा आढावा घेणाऱ्या यूएनच्याच रिपोर्टने, पुन्हा सांगितलं की हे युनिट चालू मिशनच्या कामाजवळ, प्लॅनिंगजवळ बसवा, म्हणजे पाच वर्षांनंतरही गाडी तिथेच अडकलेली.

माझं स्पष्ट मत आहे की रिपोर्ट लिहून झाला म्हणजे धडा घेतला असं समजणं हीच सगळ्यात मोठी चूक. कोणाची तरी ऑर्डर बदलली, ट्रेनिंग बदललं, गस्तीची वेळ बदलली तरच काहीतरी झालं, नाहीतर पीडीएफ तयार झाली एवढंच. खालच्या चुका सगळ्या याच एका चुकीची पोरं आहेत.

हँडओव्हर शेवटच्या आठवड्यावर ढकलणं

बटालियन बदलताना काय होतं बघा. सामानाची मोजणी अगदी चोख होते, जनरेटर किती, त्यातले चालू किती, पाण्याचे टँकर, गाड्या, तंबू, सगळं लिस्टप्रमाणे टिकमार्क करून, कारण त्या सामानावर देशाला यूएनकडून पैसे परत मिळतात आणि इन्स्पेक्शन टीम येऊन एकेक वस्तू तपासते. त्यात कोणी हयगय करत नाही. पण बाजाराच्या दिवशी कुठल्या नाक्यावर तणाव वाढतो, कुठला मुखिया समोर गोड बोलतो आणि मागून भलत्याच लोकांना फोन करतो, पावसाळ्यात कुठला पूल ट्रकखाली बसतो, हे कुठल्याच लिस्टमध्ये नसतं, ते एका मेजरच्या डोक्यात असतं आणि मेजर साहेबांचं विमान गुरुवारी असतं. मग निघायच्या आदल्या दिवशी एक पेनड्राइव्ह दिला जातो ज्यात चारशे फाइल्स, निम्म्यांची नावं 'फायनल', 'फायनल टू', 'फायनल न्यू', आणि नवीन माणूस तो पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्ये टाकतो तो टाकतोच.

यावर उपाय म्हणजे हँडओव्हर नोट पोचल्याच्या पहिल्या आठवड्यात उघडायची, शेवटच्या नाही. आल्या आल्या जे जे कोणाला तरी विचारावं लागलं ते ते तिच्यात लिहायचं, कारण तीच यादी पुढच्याला लागणार आहे, सहा महिन्यांनी तुम्हाला ते सगळं इतकं सवयीचं होतं की लिहिण्यासारखं वाटतच नाही. दुसरं म्हणजे गेलेल्या माणसाशी एक कॉल महिन्याभराने ठेवा. हँडओव्हरच्या दिवशी नवीन माणसाला काय विचारायचं तेच माहीत नसतं, मान डोलवतो बिचारा, खरे प्रश्न त्याला महिन्याभराने पडतात, आणि तोपर्यंत जुना माणूस घरी पोचून मोकळा झालेला असतो. हा कॉल जुन्या माणसाच्या निघायच्या आधीच दोघांच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा, नाहीतर होत नाही.

आणि जमलं तर त्याच्याही आधी जा. नवीन बटालियन आपल्या देशात ट्रेनिंग करत असते, आपल्याकडे त्यासाठी दिल्लीत २००० पासून शांतिसेनेचं सेंटर आहे, तिथे मागच्या तुकडीच्या ताज्या गोष्टी पोचल्या तर त्यांचा उपयोग. जुन्याच स्लाइड्स दाखवून ट्रेनिंग झालं की विमानातून उतरल्यावर पहिल्यापासून सुरुवात.

स्थानिक लोकांना फक्त दुभाषे समजणं

मिशनची खरी मेमरी कोणाकडे असते? तिथल्याच माणसांकडे, जे दहा वर्षं त्याच ऑफिसात आहेत, ज्यांनी पंधरा कमांडर बघितलेत. आणि त्यांनाच मीटिंगमध्ये मागच्या खुर्चीत बसवतात.

पूर्व काँगोमधल्या किवांजाचं उदाहरण आपल्याला जास्त टोचायला हवं, कारण तिथला तळ भारतीय तुकडीचा होता. नोव्हेंबर २००८, बंडखोरांनी गावात शिरून सुमारे १५० लोक मारले, यूएनचा तळ दीड-एक किलोमीटरच्या आतच. तुकडी संख्येने कमी होती हे खरं, पण त्याहून वाईट म्हणजे गावात काय चाललंय ते समजायला त्यांच्याकडे तिथली भाषा येणारा दुभाषाच नव्हता. बंदुका आहेत, गाड्या आहेत आणि शेजारच्या गल्लीतला माणूस काय ओरडतोय ते कळत नाही. यानंतर मात्र खरंच काहीतरी बदललं, म्हणून हे उदाहरण मी चांगल्यातही धरतो. तळांवर कम्युनिटी लायझन असिस्टंट म्हणून काँगोचेच लोक नेमले गेले, जे गावोगावी फिरतात, लोकांना फोन नंबर देतात, धोका दिसला की खबर तळावर येते, पुढे ही पद्धत दुसऱ्या मिशननीही उचलली. कारण यावेळी धड्याचं पद झालं, पगार झाला, फोनचं नेटवर्क झालं, रिपोर्टातलं एक वाक्य होऊन तो पडून राहिला नाही.

तर तुमच्या सेक्शनमध्ये रिव्ह्यू करताना स्थानिक स्टाफला पहिलं बोलू द्या, साहेब बोलून झाल्यावर नाही, कारण साहेब बोलले की बाकीचे फक्त हो म्हणतात (हे आपल्याकडच्या ऑफिसातही तसंच आहे म्हणा).

एका हाताचं दुसऱ्या हाताला माहीत नसणं

ऑगस्ट १९९३. यूएनच्याच मानवाधिकारांच्या बाजूने रवांडावर एक रिपोर्ट आला, बाक्रे वाली न्दियाये यांचा, ते एप्रिलमध्ये तिथे जाऊन आले होते आणि त्यांनी तिथल्या अल्पसंख्य तुत्सी लोकांच्या हत्यांबद्दल लिहिताना नरसंहाराचा प्रश्न सरळ मांडला होता. त्याच महिन्यात जनरल रोमेओ दॅलेर शांतिसेनेची आखणी करायला राजधानी किगालीला पोचले. आणि त्यांना हा रिपोर्ट कोणी दिलाच नाही! मिशन किती मोठं हवं, कुठली परवानगी हवी, हे सगळं त्या कागदाशिवाय ठरलं. पुढे १९९९ मध्ये चौकशी झाली तेव्हा चौकशी समितीने ही न्यूयॉर्क आणि जिनिव्हाच्या ऑफिसांची गंभीर चूक म्हणून नोंदवली. माहिती गुप्त नव्हती, छापलेली होती, फक्त दुसऱ्या बिल्डिंगमध्ये होती.

आज हीच चूक शेअरपॉइंटच्या (ऑफिसच्या ऑनलाइन फाइल-साठ्याच्या) फोल्डरमध्ये होते, मिलिटरीचं फोल्डर वेगळं, पोलिसांचं वेगळं, ह्यूमन राइट्सवाल्यांचं लॉक केलेलं, आणि नवीन माणसाला कुठलंच उघडत नाही. सगळं सगळ्यांना उघडं करा असं मी म्हणत नाही, साक्षीदारांच्या माहितीला कुलूप हवंच. पण असा रिपोर्ट अस्तित्वात आहे आणि तो कोणाकडे मागायचा एवढं तरी सगळ्यांना दिसलं पाहिजे. एक साधी यादी, विषय, तारीख, कोणाकडे आहे, बस. भारी पोर्टल नंतर.

रिव्ह्यूलाच चौकशी बनवणं

हा मुद्दा जरा सविस्तर सांगतो कारण इथेच सगळं फसतं.

फेब्रुवारी २०१६, दक्षिण सुदानमधलं मलाकाल. यूएनच्या तळात आसरा घेतलेल्या लोकांवर हल्ला झाला, निदान ३० माणसं गेली. चौकशीत निघालं की कमांड कोणाची, हत्यार कधी वापरायचं, यातच गोंधळ होता. मग जुलै २०१६, तेच मिशन, आता राजधानी जुबा, आणि पुन्हा तोच गोंधळ. यूएन हाउस या तिथल्या तळावर चीन, इथिओपिया, भारत आणि नेपाळ अशा चार देशांच्या तुकड्या, एकसंध कमांड नाही, एकमेकांना काटणाऱ्या ऑर्डर, आणि एक-सव्वा किलोमीटरवरच्या टेरेन नावाच्या कंपाउंडमधून, जिथे मदतसंस्थांच्या लोकांवर सैनिकांचा हल्ला चालला होता, मदतीचे फोन येत असताना तळावरून कोणी निघालं नाही. पाच महिन्यांत एकाच मिशनमध्ये पालथ्या घड्यावर पाणी. पुढे निवृत्त मेजर जनरल पॅट्रिक कॅमर्ट यांची चौकशी बसली, नोव्हेंबरमध्ये निष्कर्ष आले, केनियाचे असलेले फोर्स कमांडर पदावरून गेले, आणि केनियाने रागाने आपली तुकडीच परत बोलवायची घोषणा केली.

आता यातून खालच्या ऑफिसरने काय घेतलं असेल? जबाबदारी ठरवणं चूक होतं असं मी म्हणत नाही, लोक मेलेत, कोणीतरी उत्तर द्यायलाच हवं. पण मिशनमध्ये प्रत्येक माणसाच्या मागे त्याचा देश उभा असतो, देशाची इज्जत, त्याचं पुढचं प्रमोशन, त्यामुळे खरं बोललं तर राजधानीत फोन जाईल ही भीती खोटी नाही. म्हणून चौकशी वेगळी आणि रिव्ह्यू वेगळा ठेवावाच लागतो. बोर्ड ऑफ इन्क्वायरी विचारते चुकलं कोणाचं आणि कुठे. आफ्टर ॲक्शन रिव्ह्यू विचारतो काय व्हायचं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय वेगळं करायचं. दोन्ही एकाच खोलीत, एकाच साहेबासमोर, नावं लिहून घेत केलं की सगळे 'समन्वय आणखी चांगला हवा' एवढंच म्हणणार आणि चहा पिऊन जाणार.

लक्षण कसं ओळखायचं? तुमच्या रिव्ह्यूमध्ये एकही ओळ अशी नसेल जी वाचून कोणालातरी अवघडल्यासारखं वाटेल, तर तो रिव्ह्यू झालेला नाही. मग घटनेनंतर दोन-तीन दिवसांतच, छोट्या गटात, शक्यतो त्या गस्तीत नसलेल्या पण जवळच्या रँकच्या माणसाला चालवायला सांगा, नावांऐवजी भूमिका लिहा, गस्त कमांडर, रेडिओ ऑपरेटर, ड्युटी ऑफिसर. आणि चांगलं झालेल्या ऑपरेशनचाही रिव्ह्यू करा, नाहीतर रिव्ह्यू लागला म्हणजे कोणीतरी फसलं असं समीकरण होऊन बसतं.

मालक नसलेल्या शिफारशी

हैतीमध्ये ऑक्टोबर २०१० ला कॉलरा सुरू झाला, मिरबालेजवळच्या नेपाळी तुकडीच्या कॅम्पमधली घाण नदीत गेली आणि पुढे सुमारे १०,००० लोक मेले. २०११ मध्ये तज्ज्ञांच्या पॅनलने जे सुचवलं ते अगदी करता येण्यासारखं होतं, कॉलरा असलेल्या भागातून येणाऱ्या जवानांची तपासणी करा किंवा आधी औषध द्या, आणि कॅम्पचं सांडपाणी कॅम्पातच शुद्ध करा. यातली प्रत्येक गोष्ट कोणाची तरी आहे, पहिली मेडिकलवाल्यांची आणि सैन्य पाठवणाऱ्या देशाची, दुसरी इंजिनिअरिंगची, दोन्हीला पैसे लागतात. यूएनने आपली भूमिका मान्य करून माफी मागितली ती डिसेंबर २०१६ ला, तेव्हाचे सरचिटणीस बान की मून जाता जाता.

म्हणून 'जवानांमध्ये जागरूकता वाढवावी' असलं वाक्य दिसलं की खोडा. शिफारशीत कोण करणार, कधीपर्यंत, कुठल्या पैशातून आणि कुठली एसओपी (कामाची ठरलेली लेखी पद्धत) बदलणार हे नसेल तर ती शिफारस नाही, ते भाषण आहे. आणि एका रिव्ह्यूतून तीनच काढा, सत्तावीस नको, सत्तावीस कोणी वाचत नाही.

अजून काही सटरफटर पण त्रासदायक गोष्टी. व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळं चालतं आणि ग्रुप ॲडमिन घरी गेला की इतिहास गायब, म्हणून आठवड्यातून एकदा कामाचं तेवढं मिशनच्या सिस्टिममध्ये उतरवा. फ्रेंच बोलणाऱ्या देशात सगळे धडे इंग्रजीत, मग स्थानिक स्टाफने वाचायचे कसे? निदान पानभर सारांश फ्रेंचमध्ये द्या. आणि माहिती देणाऱ्या गावकऱ्याचं नाव, गाव, फोन नंबर धड्यांच्या कागदात कधीच नको, तो कागद किती हातांतून जाईल आणि शेवटी कुठे पडेल ते तुमच्या हातात नसतं.

मिशन बंद होतानाच आवरायला घेणं

मालीमध्ये जून २०२३ च्या शेवटी सुरक्षा परिषदेने मिशन बंद करायचा ठराव केला आणि ३१ डिसेंबरपर्यंत सगळं गुंडाळायचं होतं, म्हणजे दहा वर्षांचं मिशन सहा महिन्यांत. उत्तरेत लढाई पुन्हा पेटलेली, किडालहून निघालेल्या ताफ्याला रस्त्यात पेरलेल्या बॉम्बचा सामना करावा लागला, काही तळांवर सोबत नेता न येणारं सामान नष्ट करून निघावं लागलं. अशा वेळी कोण बसून फाइल्स लावणार? आधी माणसं बाहेर काढायची, हे बरोबरच आहे.

तेव्हा हे काम मिशन धडधाकट असतानाच करावं लागतं. दर सहा महिन्यांनी प्रत्येक सेक्शनने ठरवायचं की उद्या निघावं लागलं तर आर्काइव्हला काय जाईल, स्थानिक सरकारला किंवा यूएनच्या दुसऱ्या एजन्सीला काय द्यायचं, आणि धोका म्हणून काय पुसायचं. तिसरी यादी सगळ्यात आधी करा. त्यात तुमच्या लायझन असिस्टंटचे संपर्क येतात, आणि मिशन गेल्यावर तो माणूस त्याच गावात राहणार असतो.